शांत डोक्याच्या माणसाला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं? (मानपत्रासाठी तातडीची मदत)

केसपेपर
मंडळी, आमच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टर या महिनाअखेरीस रिटायर होतायत. मी तिथेच अ‍ॅडमिनला आहे. ट्रस्टींपैकी दोघं परदेशात असतात आणि कार्यक्रमाला ऑनलाइन बसणार आहेत, म्हणून मानपत्र इंग्रजीतून हवंय आणि ते आलंय माझ्या गळ्यात. बाकी सगळं लिहून झालं, स्वभावाचं एक वाक्य अडलंय. मी 'काम अँड कूल' लिहिलं तर मेट्रन म्हणाल्या, हे एसीच्या जाहिरातीतलं वाटतंय.

बाई कशा आहेत सांगते. अपघाताच्या तीनचार केसेस एकदम आल्यात, नातेवाईक काउंटरवर हात आपटतायत, नवा आरएमओ (निवासी डॉक्टर) घामाघूम झालाय, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर शोधतायत आणि सिस्टर ज्या आवाजात सकाळी 'चहा झाला का गं' विचारतात त्याच आवाजात कोणी काय करायचं ते सांगतायत. गोंधळ वाढला की त्यांचा आवाज चढायच्या ऐवजी उतरतो, मग ऐकायला येत नाही म्हणून सगळ्यांना गप्प बसावंच लागतं. पण थंड म्हणाल तर अजिबात नाहीत. पेशंट गेलेला असताना कोणी मागे हसत उभं राहिलं तर नंतर त्याला स्टोअररूममध्ये बोलावून जे काही ऐकवतात ते दाराबाहेरही ऐकू येतं. म्हणजे राग आहे, फक्त तो कधी काढायचा हे त्यांच्या हातात आहे. याला शब्द सुचवा.

तिरफळ
'काम अँड कूल' देवनागरीत वाचून दचकलोच. षड्रिपूंतला पहिला, थेट मानपत्रात! मेट्रनबाईंनी वाचवलं म्हणायचं.

चहाबाज
कम्पोज्ड. धागा संपला, चहा घ्या.

मीनल_ठाणे
कम्पोज्ड बरोबर आहे पण पुरेसं नाही. ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा विषय दिसला की हात शिवशिवतात, सांभाळून घ्या.

कम्पोज्ड हा त्या वेळचा शब्द आहे. एरवी तापट असलेला माणूसही मुलाखतीत तासभर कम्पोज्ड राहू शकतो. कायमचा स्वभावच तसा असेल तर इव्हन-टेम्पर्ड. निर्णय घेताना डोकं जाग्यावर असणारा तो लेव्हल-हेडेड, हा शब्द ऑफिसच्या पत्रात कधीही चालतो पण जरा कोरडा आहे. सेल्फ-पझेस्ड म्हणजे स्वतःवर ताबा असलेला, आणि त्यात थोडा रुबाबही येतो. प्लॅसिड मात्र वापरू नका, प्लॅसिड हे तळं असतं नाहीतर रवंथ करणारी गाय असते, तिथे ढवळून निघण्यासारखं मुळात काही नसतंच. स्टॉलिड आणि इम्पॅसिव्ह तर दुरूनच नमस्कार. स्टॉलिड म्हणजे आपला मख्ख, आणि इम्पॅसिव्ह म्हणजे तोंडावरची माशी हलत नाही तो. बाई रिटायर होतायत, अपमान नको.

केसपेपर, तुम्ही शेवटी लिहिलंत ना, राग आहे पण तो कधी काढायचा हे त्यांच्या हातात आहे, सगळी मेख तिथेच आहे. इंग्रजीत हे शब्द ढीगभर आहेत पण निवडताना आधी हे ठरवावं लागतं की आत काही उकळतंय आणि वर झाकण आहे, की आत काहीच नाही.

अजून एक गंमत. बऱ्याच कोशांत 'काम' (calm) या शब्दाचं मूळ ग्रीक 'कौमा'शी नेतात. त्याचा अर्थ रणरणती उष्णता! भर दुपारी सगळं निपचित पडतं ना, त्यावरून इटालियन फ्रेंच असं फिरत फिरत तो शांततेवर आला म्हणे.

चहाबाज
म्हणजे दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवणारे आमचे पुणेकर या शब्दाचे खरे वारसदार.

तिरफळ
पुणेकर आणि काम हे दोन शब्द एका वाक्यात, कुठल्याही उच्चाराने, जरा जपून.

सिव्हिलवाला
मला अप्लॉम आवडतो. फ्रेंचमधून आलाय, 'आ प्लॉम', म्हणजे शिशाच्या वजनाला धरून. आपला ओळंबाच की! भिंत ओळंब्यात आहे की नाही ते गवंडी बघतो, तसा माणूस ओळंब्यात. कितीही वारा सुटला तरी लंबक परत सरळ येऊन थांबतो. आमच्या साइटवर एक सुपरवायझर होते, स्लॅब चालू असताना शटरिंग सरकलं, पंपवाला ओरडतोय, लेबर खाली उड्या टाकायच्या बेतात, आणि यांनी आधी पंप बंद करायला लावला, मग माणसं मोजली, मग टेकू बघितले. सगळं आवरल्यावर एका कोपऱ्यात जाऊन तंबाखू मळायला लागले तेव्हा हात थरथरत होते. कोणी बघितलं नाही, मी बघितलं.

वैद्य_गारगोटी
कोणीतरी फ्लेग्मॅटिक सुचवेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ग्रीकांच्या वैद्यकात चार रस, रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ. गॅलनच्या परंपरेत त्यावरून स्वभाव पडले, सँग्विन, कोलेरिक, मेलँकोलिक आणि फ्लेग्मॅटिक. कफाधिक्य असलेला तो फ्लेग्मॅटिक, शांत पण मंद. आपल्याकडे तीनच दोष आणि त्यांची मांडणीही वेगळी, एकास एक जुळवू नका. पण कफप्रकृतीचं वर्णन मात्र फार जवळ जातं. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात आहे बघा, कफाच्या माणसाला कामाला लागायलाही वेळ लागतो आणि भडकायलाही वेळ लागतो. आता कॅज्युअल्टीत दुसरं पाहिजे, पहिलं नको. त्यामुळे फ्लेग्मॅटिक बाद.

आणि मीनलताईंच्या गमतीत भर, ग्रीक 'फ्लेग्मा'चंही मूळ जळण्याशीच आहे. काय त्या ग्रीकांच्या डोक्यात होतं कोण जाणे.

तिरफळ
'सिस्टर या कफकारक आहेत' असं मराठी भाषांतर करून नोटीस बोर्डावर लावा.

जुना_हाउसमन
वैद्यबुवा, इतक्या लवकर बाद करू नका. विल्यम ऑस्लरचं १८८९ चं भाषण आहे, 'इक्वॅनिमिटास' नावाचं. फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सला जाताना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पोरांसमोर केलेलं, म्हणजे तेही निरोपाचंच. डॉक्टरला काय हवं तर त्याने पहिला मान दिलाय इम्पर्टर्बेबिलिटीला. वादळातही स्थिर, धोक्याच्या क्षणी बुद्धी स्वच्छ, आणि हे सगळं सांगता सांगता तो म्हणतो की यालाच एक जुना आणि नेमका शब्द आहे, फ्लेम (phlegm). म्हणजे तुमचा कफच! आणि त्याने ते कौतुकानेच म्हटलंय.

इंटर्नशिपला आम्हाला ते भाषण एका सरांनी वाचायला दिलं होतं. तेव्हा वाटलं, काय हे जुनं पुराण. पहिल्या नाइट ड्युटीला कळलं. पेशंटच्या नातेवाइकाला ईसीजी वाचता येत नाही, पण डॉक्टरचा चेहरा अचूक वाचता येतो.

रडार
मानपत्र आहे तर अनफ्लॅपेबल का नाही? सैनिकी बोलीत फ्लॅप म्हणजे धांदल, घबराट. ब्रिटनचा पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन (१९५७ ते १९६३) याला हे विशेषण कायमचं चिकटलं. जानेवारी १९५८ मध्ये याच्या अर्थमंत्र्याने आणि त्याच्या दोन राज्यमंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले. हा पठ्ठ्या ठरल्याप्रमाणे राष्ट्रकुल देशांच्या दौऱ्याला निघाला आणि विमानतळावर सांगून गेला की या किरकोळ घरगुती अडचणी आहेत. दौऱ्यात भारतही होता.

पण माझ्या लेखी या शब्दाचा खरा मानकरी कॅप्टन एरिक मूडी. मी एव्हिएशनमधला, त्यामुळे राहवत नाही. २४ जून १९८२, ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ९, जंबो जेट, लंडनहून निघून आपल्या मुंबईवरून क्वालालंपूर करून पर्थकडे चाललेली. जावाच्या दक्षिणेला रात्री गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरली आणि एकामागून एक चारही इंजिनं बंद. चारही! खाली समुद्र. तेव्हा या माणसाने प्रवाशांना जे सांगितलं त्याचा मतलब असा, की नमस्कार, कॅप्टन बोलतोय, एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतोय, आपल्याला फारसा त्रास होत नसेल अशी आशा आहे. विमान तरंगत तरंगत खाली आलं, राखेबाहेर पडल्यावर इंजिनं लागली, समोरची काच राखेने घासून आंधळी झालेली असताना जकार्ताला उतरवलं. २६३ माणसं होती, सगळी सुखरूप.

चहाबाज
'छोटीशी अडचण आहे.' आमच्या सोसायटीत दहा मिनिटं पाणी गेलं तर सेक्रेटरी व्हॉट्सअ‍ॅपवर याहून मोठ्या टायपात लिहितो.

एडिसनची_आत्या
हडसन नदीवाल्या पायलट सलीला विसरू नका, १५ जानेवारी २००९, दोन्ही इंजिनांत पक्षी गेले, नदीवर उतरवलं आणि १५५ च्या १५५ वाचले. अमेरिकेत आमच्या इथून ती नदी दूर नाही, त्यामुळे आमचाच माणूस समजतो आम्ही.

पण मी वेगळंच सांगायला आलेय. केसपेपर, कोणी 'सोबर' सुचवलं तर घेऊ नका! आपल्याकडे सोबर म्हणजे साधा, सालस, भडक नसलेला. साडीचा रंग सोबर, मुलगा सोबर. माझ्या भाच्याच्या स्थळासाठी त्याच्या आईने नागपूरहून बायोडेटा पाठवला, त्यात 'व्हेरी सोबर बॉय'. इथे जन्मलेल्या मुलीच्या घरी तो वाचला आणि मुलीने मला हळूच विचारलं, ऑन्टी, किती वर्षं झाली सोडून? इथे सोबर म्हणजे दारू न प्यायलेला, आणि 'व्हेरी सोबर' मुद्दाम लिहिलंय म्हणजे आधी बराच पीत असणार.

तिरफळ
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! मग जमलं की नाही लग्न?

एडिसनची_आत्या
जमलं. ती म्हणाली, निदान खरं तरी लिहिलंय. :)

भांडखोर_सून
सगळं गोड चाललंय म्हणून मी येते भांडायला, नावाला जागायला नको का.

वरचे सगळे किस्से विमानाचे, पंतप्रधानांचे, डॉक्टरांचे. ज्याच्या हातात सुकाणू आहे तो शांत राहिला की तो अनफ्लॅपेबल. आणि जिच्या हातात काही नाही ती शांत राहिली की आपण तिला म्हणतो सोशिक. इंग्रजीत लाँग-सफरिंग. माझ्या सासूबाईंच्या श्राद्धाला प्रत्येक जण म्हणत होता, कधी आवाज चढवला नाही हो बाईंनी. अरे चढवून कोण ऐकणार होतं? स्टोइक वगैरे लेबलं लावून मोकळं व्हायचं. तेव्हा केसपेपर, तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, त्या सिस्टरच्या शांतपणाचं कौतुक करताना त्या खात्यात स्टाफ किती कमी होता आणि बाईंनी तो शांतपणा कशाच्या बदल्यात विकत घेतला, हेही लिहा.

रडार
ताई, मूडीच्याही हातात तेव्हा काही नव्हतं, इंजिनं बंद होती.

भांडखोर_सून
माइक होता ना.

जुना_हाउसमन
सूनबाईंचा मुद्दा मान्य, पण स्टोइक मंडळींना त्यात ओढू नका. झेनो अथेन्समध्ये इ. स. पू. ३०० च्या सुमारास चित्रं रंगवलेल्या एका ओसरीत शिकवायचा, ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ, म्हणून हे स्टोइक. त्यांचं म्हणणं 'सोसत राहा' असं नव्हतंच. जे तुझ्या हातात आहे आणि जे नाही ते वेगळं कर, असं होतं. आणि यातलाच एक सम्राट, मार्कस ऑरेलियस, आणि एक जन्माने गुलाम, एपिक्टेटस. म्हणजे सुकाणूवालाही आहे आणि बिनसुकाणूवालाही.

भांडखोर_सून
एपिक्टेटसच्या बायकोची मुलाखत मिळाली तर कळवा.

मीनल_ठाणे
हे दोघं भांडतायत तोवर एक. इंग्रजीतला नॉनशलांट हा शब्द बघा, फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ 'ऊब नसलेला', ज्याला काही पडलेली नाही असा. आणि सँ-फ्र्वा म्हणजे सरळ सरळ थंड रक्त. कौतुक म्हणून वापरतात, पण त्याच थंड रक्ताने खूनही होतो. इंग्रजीत ही थंडाई एका पायरीवर गुण आणि दुसऱ्या पायरीवर गुन्हा. कूल म्हटलं की शाबासकी, कोल्ड म्हटलं की संपलं, रेकमेंडेशनच्या पत्रात कोल्ड कोणी लिहिणार नाही. आपल्याकडेही थंड डोक्याचा चांगला आणि थंड माणूस वाईट. डोक्यावर बर्फ जिभेवर साखर म्हणतो आपण, अंगभर बर्फ नाही म्हणत.

खारीबटर
कूलचा विषय निघाला आणि अजून कॅप्टन कूल आला नाही? धोनी धोनी धोनी.

तिरफळ
एप्रिल २०१९, जयपूर, नो-बॉलवरून कॅप्टन कूल डगआउटमधून थेट मैदानात पंचांशी वाद घालायला. निम्मी मॅच फी गेली दंडात.

खारीबटर
एवढ्या वर्षांत एकदा!! तेवढं चालतं. सिस्टरसुद्धा स्टोअररूममध्ये नेतातच की.

सिव्हिलवाला
माझं मत रहाणेला. डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेडला ३६ ऑल आउट, कोहली घरी परतलेला, शमी जायबंदी. मेलबर्नला याने ११२ केले आणि जडेजाच्या पन्नाशीच्या रनसाठी पळताना रनआउट झाला. दुसरा कोणी बॅट आपटत गेला असता, हा जडेजाच्या खांद्यावर थोपटून गेला. मालिका २-१ जिंकून घरी आल्यावर लोकांनी कांगारूवाला केक आणला तर तो कापायला नाही म्हणाला. यासाठी इंग्रजीत शब्द आहे का बघा, ग्रेशस वगैरे.

खारीबटर
डोंबिवलीकर म्हणून सांगताय.

सिव्हिलवाला
हो. मग?

पेडण्याचा_पाव
आमच्या गोव्याचा सुशेगाद कोणी घेतलाच नाही. पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आलाय, म्हणजे शांत, स्वस्थ. पण जाहिरातवाल्यांनी त्याचं लेड-बॅक केलं आणि लेड-बॅकचं आळशी केलं. पहाटे होडी घेऊन जाणाऱ्या माणसाला सुशेगाद म्हणतात तेव्हा तो आळशी असतो होय? त्याचं काम वेळेवर झालेलं असतं म्हणून दुपारी तो स्वस्थ असतो. मानपत्रात नका घालू, ट्रस्टी गोव्याच्या तिकिटाचे दर विचारतील.

मीनल_ठाणे
ब्रिटिश म्हणजे शांत असा जो समज आहे ना, त्याचेही गमतीदार हिशेब आहेत. स्टिफ अप्पर लिप, म्हणजे संकटातही ओठ थरथरू न देणं, ही त्यांची ओळख, पण हा वाक्प्रचार अमेरिकेत जन्मलेला. आणि ते 'कीप काम अँड कॅरी ऑन'चं लाल पोस्टर, १९३९ मध्ये २० लाखांच्या वर छापलं आणि जवळजवळ लावलंच नाही. २००० साली एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग मगवर, टीशर्टवर, सगळीकडे. युद्धात ज्यांनी धीर धरला त्यांतल्या बहुतेकांनी ते पाहिलेलंही नव्हतं.

वैद्य_गारगोटी
सगळे इंग्रजी फ्रेंच करतायत, स्थितप्रज्ञ राहिलाच की. आणि गंमत अशी की अर्जुनाने विचारलेला प्रश्न जवळपास या धाग्यासारखाच आहे, दुसरा अध्याय, ५४ वा श्लोक. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. व्याख्या नाही विचारली, वागणं विचारलं.

रडार
वरवर दिसणाऱ्या वागण्यावर फार जाऊ नका. चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँगचा आवाज ऐका, बँकेत पासबुक भरायला आल्यासारखा. आणि नाडी त्याच वेळी मिनिटाला १५० च्या घरात. शांत दिसणं आणि शांत असणं यात एवढं अंतर असतं, आणि मला विचाराल तर कौतुक त्या अंतराचंच आहे. नाडी ७० असताना कोणीही शांत बोलेल.

केसपेपर
बापरे, दोन दिवस आले नाही तर गीतेपर्यंत पोचलात. सगळ्यांचे आभार, आता अपडेट.

इम्पर्टर्बेबल मला फार आवडला होता, पण वाचणार मेट्रन, आणि त्यांचं म्हणणं की स्टेजवर जीभ अडकली तर माझं काय. अनफ्लॅपेबल त्यांना पंख्याच्या पात्यासारखा वाटला. शेवटी अनरफल्ड, म्हणजे न विस्कटलेला, यावर एकमत झालं, कारण सिस्टरच्या युनिफॉर्मची इस्त्री चोवीस तासांनीसुद्धा मोडलेली नसते हे अख्ख्या हॉस्पिटलला माहितीये, तिथे टाळ्या येणार. पण नुसता शब्द नाही ठेवला. वैद्यबुवांचं वाचून आधी आवाज उतरतो ते वाक्य घातलं, मग शब्द. आणि भांडखोर ताई, रात्रपाळीला किती खाटांमागे किती स्टाफ असायचा तो आकडाही घातलाय. तो ट्रस्टींनी ऐकावा असं मेट्रनलाच फार वाटत होतं.

एक झालं मात्र. सिस्टरना कुणकुण लागली. मला वाटलं लाजतील. हसल्या आणि म्हणाल्या, शांत कसली गं, बीपीच्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत ते आपल्या फार्मसीत विचार.

भांडखोर_सून
बघा. मी काय म्हणत होते.

रडार
मीही तेच म्हणत होतो, नाडी १५०.

जुना_हाउसमन
गोळ्या वेळेवर घेतात ना, एवढं विचारा. निवृत्तीनंतर लोक हटकून बंद करतात.

चहाबाज
विषय निघालाच आहे तर माझंही एक काम करा. सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे पुढच्या महिन्यात, धाकटा जावई अमेरिकन, त्याच्यासाठी दोन ओळी इंग्रजीत बोलायच्यात. माणूस जमदग्नी. रिमोट सापडला नाही तर घर डोक्यावर घेतो. खोटं बोलायचं नाही आणि जेवायला तर मिळालं पाहिजे.

मीनल_ठाणे
स्पिरिटेड.

तिरफळ
'मॅन ऑफ स्ट्राँग कन्व्हिक्शन्स.' विशेषतः रिमोट कुठे ठेवला होता याबाबत.

एडिसनची_आत्या
पॅशनेट लिहा हो. इथे पॅशनेट म्हटलं की सगळं माफ असतं, आमच्या ऑफिसात तर त्यावर प्रमोशन मिळतं.